बिलावरच्या एका ओळीने अडवलेला क्लेम

प्रश्न : मला सहा वर्षांपासून हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा आहे. काखेत गळवं येतात, फुटतात, पू वाहत राहतो. त्वचारोगतज्ज्ञांनी एनडी-याग लेझरची चार सिटिंग्ज दिली. नंतर काखेतला जुना सायनस (पू वाहणारी त्वचेखालची पोकळ वाट) भूल देऊन कार्बन डायऑक्साइड लेझरने उघडला. संध्याकाळी घरी सोडलं. विमा कंपनीने ‘कॉस्मेटिक उपचार’ म्हणत सगळाच क्लेम नाकारला. फोन करून करून थकले. आता काय करू?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदांत नकारपत्रापेक्षा बिल जास्त बोलतं. चारही सिटिंग्जपुढे छापलंय, ‘लेझर हेअर रिडक्शन, दोन्ही काखा’. तपासणाऱ्याने बहुधा तेवढंच वाचलं. तुमचा आजार केसाच्या मुळापासूनच सुरू होतो, रोमकूप बुजून आतल्या आत फुटतो, म्हणून तो जाळायचा असतो, हे त्याला त्या ओळीतून कळणार कसं?

म्हणून डॉक्टरांकडे बिल बदलून मागू नका. तो खोटेपणा ठरेल आणि चांगली केस हातची जाईल. वेगळं प्रमाणपत्र घ्या : निदान, हर्ली स्टेज (म्हणजे आजार किती तीव्र आहे), आधी किती वेळा अँटिबायोटिक्स झाली, किती वेळा चिरा दिल्या आणि लेझरच का निवडलं. जुनी प्रिस्क्रिप्शन्स जोडा.

आता मुद्द्याचं. कॉस्मेटिक उपचार वगळणाऱ्या कलमाचे शब्द आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेत. पॉलिसीत ‘एक्सक्लुजन ०८’ शोधा. त्यात एक अपवाद आहे : आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करणारा, डॉक्टरांनी आवश्यक म्हणून प्रमाणित केलेला उपचार. बहुतेक जण लगेच या अपवादाकडे धावतात. तुम्ही धावू नका. सहा वर्षांच्या दुखण्यात ‘तात्काळ’ सिद्ध करताना दमछाक होईल. तुमचं पहिलं म्हणणं असं हवं की हे कलम मुळात लागूच होत नाही. ते ‘रूप बदलण्यासाठी’ केलेल्या उपचाराबद्दल आहे, तुमचा उपचार पू थांबवण्यासाठी होता. अपवाद दुसऱ्या क्रमांकावर, पर्यायी म्हणून मांडा.

एक कटू गोष्टही सांगतो. सिटिंग्ज ओपीडीत झाली आहेत. पॉलिसीत ओपीडीचं कव्हर नसेल तर ते पैसे कॉस्मेटिकचा मुद्दा जिंकूनही बहुधा मिळणार नाहीत. सायनसची शस्त्रक्रिया मात्र भूल देऊन, २४ तासांच्या आत झालेली आहे; डे केअरच्या व्याख्येत ती बसू शकते. खरी लढाई तिथे. दोन्ही रकमा वेगळ्या दाखवा, म्हणजे एक पडली तरी दुसरी टिकेल.

फोनची नोंद कुणी धरत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, ईमेल चालेल. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. (माझ्या धंद्याला हे बरं नाही, पण आहे खरं.) निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा राहतो. आधीच आयोगात गेलात तर मात्र लोकपाल त्याच विषयात हात घालत नाही.

आयोगाची मुदत दोन वर्षं आणि ती सहसा नकारपत्रापासून मोजतात. नंतर कितीही पत्रं लिहिली तरी वाढत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पत्राचा वरचा कोपरा, नेमका तारखेचा, कापला गेलाय. आधी ती तारीख बघा.