सीओडी वाढला म्हणून प्रयोग सोडू नका

तुम्ही लिहिलंय की इलेक्ट्रोलिसिसनंतर रंगाचं पाणी नितळ दिसतं, पण बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टात सीओडी (पाण्यातला मळ ऑक्सिडाइझ करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) उलट वाढलेला आहे. दुसरीकडे सोन्याच्या इलेक्ट्रोडवरच्या डीएनए सेन्सरला न जुळणारा डीएनए दिला तरी सिग्नल येतो. गाईड एक भाग सोडायला सांगताहेत आणि कोणता सोडावा हा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते आत्ता कुठलाच सोडू नका. दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. सीओडी असो की सेन्सरचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा), आकडा इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीचा असतो, आणि ती कोणामुळे झाली हे आकडा सांगत नाही. ते ब्लँक (नमुना नसलेली चाचणी) आणि कंट्रोल (तुलनेची चाचणी) लावून आपल्यालाच शोधावं लागतं. तुमच्या पोस्टमध्ये कंट्रोलचा उल्लेख नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझा अनुभव मुख्यतः ॲझो रंगांच्या (दोन नायट्रोजनच्या ॲझो बंधामुळे रंग असलेल्या) सांडपाण्याचा. सेन्सरचं काम नंतर शिकलो, त्यामुळे तिथे माझ्यापेक्षा जाणकार कोणी दुरुस्ती केली तर त्यांचं ऐका.

आधी सीओडी, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं. मीही तुमच्यासारखंच मीठ घालून इलेक्ट्रोलिसिसचा सेल चालवायचो. रंग झपाट्याने जायचा आणि रिपोर्टात सीओडी चढलेला. ज्या तपासणी कार्यालयाकडे सॅम्पल जायची त्यांच्या रिपोर्टात एक आकडा, एक शिक्का आणि एक सही एवढंच असायचं. क्लोराइडसाठी काय केलं, किती डायल्यूशन केलं, सॅम्पल आल्यावर त्यात काही घातलं का, असं लेखी विचारलं तर उत्तर यायचं, "प्रमाणित पद्धतीनुसार तपासणी केली आहे." पुन्हा विचारलं तर "पद्धतीचे तपशील ग्राहकांना दिले जात नाहीत." दरम्यान आमच्या ग्रुपमध्ये सगळा संशय माझ्या सेलवर. ॲनोड बदलला, करंट डेन्सिटी बदलली, ढवळण्याचा वेग बदलला. अख्खं सत्र त्यात गेलं आणि माझं सादरीकरण पुढे ढकललं गेलं. आजही त्याचा राग येतो, कारण एका ओळीच्या उत्तराने हे सगळं वाचलं असतं.

शेवटी उलगडा झाला तो त्या कार्यालयाच्या खिडकीपाशी. मी बाटल्या द्यायला गेलो होतो. तिथल्या तंत्रज्ञाने झाकण उघडून वास घेतला, बरणीतून चमचाभर पांढरे खडे काढून बाटलीत टाकले आणि हलवून ठेवली. विचारल्यावर सहज म्हणाले, "क्लोरीनचा वास आला की थायोसल्फेट घालतोच आम्ही." मीठ आणि वीज यांतून तयार झालेलं हायपोक्लोराइट मारायला ते घालणं रास्तच आहे. पण उरलेलं थायोसल्फेट सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट खातं, आणि जितकं डायक्रोमेट संपतं तितका सीओडी मोजला जातो. खडेवाल्या, म्हणजे पाच पाणी असलेल्या, थायोसल्फेटचा एक ग्रॅम सुमारे ०.२६ ग्रॅम ऑक्सिजनइतका सीओडी दाखवतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक ग्रॅम शिल्लक राहिलं तर लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास खोटा सीओडी. मूळ रंगाच्या पाण्याला क्लोरीनचा वास नसतो, त्यामुळे त्यात खडे पडत नव्हते. म्हणून फक्त प्रक्रिया केलेल्या पाण्याचाच आकडा चढत होता.

तुमच्याकडे हेच घडतंय असं मी म्हणत नाही, पण आधी हेच तपासा. दुसरा संशयित म्हणजे क्लोराइड. एक मिलिग्रॅम क्लोराइड ऑक्सिडाइझ झालं तर ०.२२६ मिलिग्रॅम ऑक्सिजनइतकं मोजलं जातं. तुम्ही ०.०५ मोलर मीठ घालता, म्हणजे लिटरला जवळपास १७७० मिलिग्रॅम क्लोराइड. मर्क्युरिक सल्फेटने ते नीट बांधलं नाही तर ४०० मिलिग्रॅमपर्यंत सीओडी नुसत्या मिठाचा. तुमच्या मूळ सॅम्पलचा सीओडी या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

लॅब बोलत नसेल तर सॅम्पलकडूनच बोलवून घ्या. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट ४२५ मिलिग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवलं की सीओडी ५०० यायला हवा. एक बाटली नुसत्या थॅलेटची, एक थॅलेट आणि तुमच्या प्रमाणात मीठ, एक नुसतं मीठ. चौथ्या बाटलीत मिठासोबत क्लोरीन मारायला तुम्ही जे आणि जेवढं घालणार आहात ते. वर नाव लिहू नका, फक्त क्रमांक टाका आणि खऱ्या सॅम्पलबरोबरच पाठवा. हे चार आकडे हातात असले की गाईडशी बोलताना तुमची बाजू पक्की असते.

क्लोरीन मात्र सॅम्पल काढल्या काढल्या तुम्हीच मारा. नाहीतर बाटलीत रात्रभर प्रतिक्रिया चालू राहते आणि तुमच्या "३० मिनिटं" या आकड्याला अर्थ उरत नाही. मी सोडियम सल्फाइट पसंत करतो. हायपोक्लोराइटशी त्याचा हिशोब एकास एक असतो, म्हणून आधी थोड्या भागावर आयोडोमेट्रिक टायट्रेशन करून क्लोरीन मोजा आणि तेवढंच घाला. टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजायची सोय असेल तर तीच मुख्य धरा. रंग जाणं म्हणजे बहुतेक वेळा फक्त ॲझो बंध तुटणं. कार्बन पाण्यातच असतो, कधी क्लोरीन जोडलेल्या आणि जास्त त्रासदायक रूपात. बोरॉन घातलेल्या हिऱ्याचा ॲनोड वापरत असाल तर क्लोरेट आणि परक्लोरेटसुद्धा तपासा. आणि करंट एफिशिअन्सी (दिलेल्या विजेपैकी मळ काढायला वापरलेला भाग) शंभर टक्क्यांच्या वर आली तर सेलवर खूश होण्याआधी सीओडीवर संशय घ्या.

आता सेन्सर. फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात सोन्याचा इलेक्ट्रोड तासन्‌तास ठेवला की टार्गेट (शोधायचा डीएनए) न घालताही चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स (इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीला होणारा अडथळा, इम्पिडन्समधून हाच काढतात) सरकतो. त्या द्रावणातून थोडं सायनाइड सुटतं, उजेडात जास्त, आणि ते सोनं हळूहळू खातं. सोन्यावरचा थायॉलचा (गंधकाने सोन्याला चिकटणाऱ्या रेणूंचा) थरही त्यात हलतो. म्हणून द्रावण ताजं आणि अंधारात ठेवा, आणि एकामागोमाग घेतलेली रीडिंग जुळेपर्यंत टार्गेट घालू नका. कंट्रोल किमान तीन हवेत: तेवढाच वेळ, तेवढ्याच तापमानाला नुसता बफर, त्याच लांबीचा आणि तेवढ्याच कॉन्सन्ट्रेशनचा न जुळणारा डीएनए, आणि प्रोब (टार्गेटशी जुळणारा, सोन्यावर बसवलेला डीएनए) नसलेल्या, फक्त मर्कॅप्टोहेक्सॅनॉल (मोकळं सोनं झाकणारा थायॉल) बसवलेल्या इलेक्ट्रोडवर खरा टार्गेट. तिसऱ्यातही सिग्नल आला तर डीएनए जोडी न जमवता सोन्यावर नुसता चिकटतोय, म्हणजे थर विरळ आहे. नुसत्या बफरमध्येच आला तर डीएनएचा काही संबंधच नाही, तो ड्रिफ्ट (आकड्याचं आपोआप सरकणं) आहे. सोय असेल तर मिथिलीन ब्लू (स्वतःच इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा रंग) जोडलेला प्रोब आणि स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेजचे पल्स देऊन करंट मोजायची पद्धत) वापरा, फेरीसायनाइडची गरजच उरत नाही. प्रोब फार दाट बसवू नका, टार्गेटला शिरायला जागा लागते.

दोन्ही भाग जोडून प्रक्रिया केलेल्या पाण्यातल्या जिवाणूंचा डीएनए मोजायचा विचार आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. कल्पना मला आवडली, पण दोन अडचणी आहेत. उरलेलं क्लोरीन ग्वानिन आणि थायॉलचा थर दोन्ही बिघडवतं, मग सेन्सर गप्प बसला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं म्हणता येत नाही. उलट जिवाणू मेल्यावरही त्याचा डीएनए पाण्यात टिकू शकतो, त्यामुळे सिग्नल आला म्हणजे जिवाणू जिवंत आहे असंही नाही. प्रबंधात असा दावा करायचा असेल तर शेजारी प्लेट काउंट (जिवंत जिवाणू वाढवून मोजणं) हवाच.

थोडं विषयांतर, पण सांगायलाच हवं: फेरीसायनाइडचं वाया गेलेलं द्रावण आणि इलेक्ट्रोड साफ करायचं सल्फ्युरिक ॲसिड एकाच कचऱ्याच्या बाटलीत कधीही ओतू नका, हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. मिठाचा सेल फ्यूम हूडमध्येच चालवा, क्लोरीन आणि हायड्रोजन दोन्ही निघतात. सीओडीच्या वापरलेल्या नळ्यांत पारा आणि क्रोमियम असतं, त्या सिंकमध्ये रिकाम्या करू नका.

गाईडना या आठवड्यात फक्त सीओडी तपासायच्या वरच्या चार बाटल्या आणि बफरचा कंट्रोल एवढंच करू द्या म्हणून सांगा. आकडे आले की इथे टाका, मी बघतो. कच्ची इम्पिडन्स फाइलही द्या, फिट केलेला आकडा नको.