ऐकू येत नाही की आठवत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू कमी येते आणि त्याचा शेवट स्मृतिभ्रंशात होईल, अशी ती भीती आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून मला जे खात्रीने सांगता येते, तेवढेच येथे लिहितो.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक आहेत. विचारावे एक तर उत्तर भलतेच देतात, टीव्ही मोठ्याने लावतात आणि आजकाल पारावर जाऊन बसणेही त्यांनी सोडले आहे. भाऊ म्हणतो की दादांना विसर पडू लागला आहे. मेंदूचे एमआरआय करून घ्यावे का? (उदगीर)

एमआरआयची घाई करू नका, आधी कान तपासून घ्या. वयोमानाने येणारा बहिरेपणा सगळे आवाज सारखे कमी करत नाही. आतल्या कानातील शंखाकृती नळीच्या तोंडाशी असलेल्या, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या केसपेशी आधी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण स, श, ख, फ यांसारखी व्यंजने गळून पडतात. ‘साठ रुपये’ हे ‘आठ रुपये’ होतात आणि ‘खत आणलं का’ याला ‘छत परवाच घातलं’ असे उत्तर येते. बोलणाऱ्याला वाटते की म्हाताऱ्याचे डोके चालेना. ऐकणाऱ्याला वाटते की हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. चार वेळा हसे झाले की माणूस पारावर जाणे सोडतो.

घरी एक साधी गोष्ट करून पाहा. तोच प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवा. लिहिलेल्याला ते नीट उत्तर देत असतील, तर संशयाची सुई कानाकडे वळते. याउलट रोजच्या वाटेवर चुकणे, पैशांच्या हिशेबात गोंधळणे, चहा करताना मधली पायरी विसरणे, लिहून दिल्यावरही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे ही लक्षणे दिसली, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवे. अर्थात कागदाची ही युक्ती म्हणजे निदान नव्हे, आणि दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

आणखी एक गोष्ट आमच्या क्षेत्रातही विसरली जाते. स्मरणशक्तीच्या बहुतेक चाचण्या तोंडी घेतल्या जातात. ‘हे पाच शब्द लक्षात ठेवा’ असे सांगितल्यावर त्यांतले दोन ऐकूच आले नाहीत, तर ते आठवणार कसे? म्हणून चाचणीपूर्वी कानातला मळ काढणे, ऑडिओग्राम (किती ऐकू येते याचा आलेख) करणे आणि यंत्र असेल तर ते लावूनच चाचणीला बसवणे आवश्यक आहे. सोबत बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांचीही तपासणी करून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेने येणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो.

प्रश्न : बहिऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश होण्याचा धोका पाचपट असतो, असा संदेश सगळीकडे फिरतो आहे. हे खरे आहे का? (परभणी)

आकडा खोटा नाही, पण त्याची अर्धीच गोष्ट तुमच्यापर्यंत आली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बाल्टिमोरमधील ६३९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. सुमारे १२ वर्षांच्या पाठपुराव्यात ५८ जणांना तो झाला. चांगले ऐकू येणाऱ्यांच्या तुलनेत सौम्य बहिरेपणा असलेल्यांमध्ये धोका सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांमध्ये तिप्पट आणि तीव्र असलेल्यांमध्ये जवळपास पाचपट आढळला. मात्र तीव्र बहिरेपणाच्या गटात माणसे होती अवघी ६. इतक्या थोड्या माणसांवर उभा असलेला ‘पाचपट’ हा शब्द मी रुग्णाला भिववण्यासाठी कधीही वापरणार नाही. बहिरेपणा वाढतो तसा धोका चढत जातो, ही दिशा मात्र महत्त्वाची आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे मोजली. ती सगळी दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात बहिरेपणाचा वाटा ७ टक्के असून वाईट कोलेस्टेरॉलचा वाटाही तेवढाच आहे. या ७ टक्क्यांचा अर्थ ‘शंभर बहिऱ्यांपैकी सात जणांना स्मृतिभ्रंश होतो’ असा कृपया लावू नका. स्मृतिभ्रंशाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सात जणांच्या आजारात बहिरेपणाचा हात असावा, असे ते गणित आहे. तेही बहिरेपणा हे खरोखर कारण आहे, असे गृहीत धरून केलेले.

हे गृहीतक मान्य करायला जागा आहे, कारण त्यामागची यंत्रणा पटण्यासारखी आहे. तुटक आवाजातून अर्थ जुळवताना मेंदूला जास्त राबावे लागते आणि तेवढी ताकद लक्षात ठेवण्याच्या कामातून वजा होते. कानाकडून येणारा मजकूर घटला की आवाज व भाषा हाताळणारा कानशिलामागचा मेंदूचा भाग लवकर आक्रसतो, असे स्कॅनच्या अभ्यासांत दिसले आहे. आणि तिसरे कारण गावात कोणालाही दिसेल असे आहे : ज्याला ऐकू येत नाही, तो हरिपाठाला जात नाही, पंगतीत बोलत नाही, लेकीच्या फोनवर ‘बरं आहे’ एवढे म्हणून तो नातवाकडे देतो.

तरीही दुसरी शक्यता नाकारता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब आतल्या कानाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात, तशा मेंदूच्याही करतात. मग कान आणि मेंदू हे एकाच दुखण्याचे दोन बळी असू शकतात. बहुधा थोडे हे आणि थोडे ते, असेच असावे.

प्रश्न : मग कानाचे मशीन लावले तर स्मृतिभ्रंश टळतो का? दुकानदाराने तसे सांगितले. (अंबाजोगाई)

असे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदाराकडून मी तरी यंत्र घेणार नाही. या प्रश्नावरची सर्वांत मोठी शिस्तबद्ध चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ७० ते ८४ वयाचे, बहिरेपणावर उपचार न घेतलेले ९७७ अमेरिकन होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला यंत्र आणि समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या आकलनक्षमतेच्या, म्हणजे विचार करण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या क्षमतेच्या, घसरणीत एकूण फरक दिसला नाही. मात्र हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले २३८ जण वयाने मोठे आणि इतर आजारांनीही अधिक ग्रासलेले होते. त्यांच्यात यंत्र लावणाऱ्यांची घसरण ४८ टक्के कमी होती. म्हणजे ज्यांचा धोका मुळात जास्त, त्यांना लाभ होण्याची आशा आहे. तिथेही मोजली गेली ती आकलनाची घसरण, स्मृतिभ्रंश नव्हे.

त्याच वर्षी यंत्राच्या बाजूने बोलणारा ब्रिटनमधील लोकांच्या माहितीवर आधारलेला एक गाजलेला शोधनिबंध विश्लेषणातील चुकीमुळे मागे घ्यावा लागला. जाहिरातींतून तो अजून गेलेला नाही.

माझे मत असे की यंत्र ऐकण्यासाठी लावावे. सून काय म्हणाली ते कळावे, रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न कळावा, ही कारणे पुरेशी आहेत. मेंदूला फायदा झाला तर तो वरचा.

प्रश्न : मामंजींनी रोलिंग मिलमध्ये तीस वर्षे काढली. मुलांनी महागडे यंत्र आणून दिले, पण ते डब्यातच पडून आहे. ‘नुसता कलकलाट होतो’ म्हणतात. (जालना)

मामंजी खरे बोलत आहेत. ८५ डेसिबलच्या (आवाजाच्या मापाच्या) वरच्या गोंगाटात रोज आठ तास काम केल्याने कान कायमचा दुखावतो. त्यावर वयाची भर पडली आहे. वर्षानुवर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूला यंत्र लावताच पंख्याची घरघर, भांड्यांची आदळआपट आणि स्वतःच्या चपलेचा आवाज एकदम ऐकू येतो. कोणता आवाज सोडून द्यायचा, हे मेंदूने पुन्हा शिकावे लागते आणि त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी लग्नाच्या मांडवात यंत्र लावून नेणे. सुरुवात घरातल्या शांत खोलीत, एका माणसाशी बोलत, दिवसातून दोन-तीन तास यंत्र लावून करा. मग टीव्ही, मग शेजारपाजार, आणि बाजार अगदी शेवटी. दोन-तीन आठवड्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जाऊन ‘काय टोचते’ ते सांगून सेटिंग बदलून घ्या. एकदा बसवलेले यंत्र जन्मभर तसेच चालते, हा गैरसमज आहे. दोन्ही कान कमी झाले असतील तर दोन्हींना यंत्र असणे चांगले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ ही यंत्राची दुश्मन, म्हणून रात्री ते पुसून, ओल शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवा. छोट्या सेलवरचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल बसवा; तो हवेवर चालतो.

प्रश्न : आमची ऐपत नाही. कान तपासायला कुठे जावे? (हिंगोली जिल्हा)

नांदेड, लातूर, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात जा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तींना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये ठरवले आहेत. श्रवणयंत्र त्या यादीत आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. एवढ्यात दोन्ही कानांची चांगली यंत्रे येत नाहीत, हे खरेच. पण जत्रेत किंवा ऑनलाइन मिळणारे, सगळेच आवाज सरसकट वाढवणारे यंत्र तपासणीशिवाय घेऊ नका.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे आणि ऐकूही कमी येते. आता यंत्राचा उपयोग काय? ती उपटून फेकते. (धाराशिव)

उपयोग आहे, पण तुमची अपेक्षा बदलावी लागेल. स्मरणशक्ती परत येणार नाही. मात्र काय चालले आहे ते न कळल्यामुळे येणारी भीती आणि चिडचिड कमी होऊ शकते. आधी मळ तपासून घ्या. म्हातारपणी तो घट्ट होतो आणि घरी तेल घालून किंवा काडी खुपसून तो आणखी आत जातो. यंत्र रोज एकाच माणसाने, एकाच वेळी, सकाळच्या चहानंतर लावावे. ते दोरीने कपड्याला अडकवले तर फेकले तरी हरवत नाही. त्या बारीक सेल गोळ्या समजून गिळल्या जाऊ शकतात आणि ते जिवावर बेतते, म्हणून चार्जिंगचे यंत्र मिळाले तर उत्तम.

आणि ज्या दिवशी आई यंत्र लावू देणार नाही, त्या दिवशी टीव्ही बंद करून, उजेडात, तिच्या समोर बसून, सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोला. ओरडू नका, ओरडताना शब्द फाटतात आणि चेहरा रागावलेला दिसतो, आणि तिला शब्द कळले नाहीत तरी चेहरा कळतो.