राणीछाप काळाच बरा

आजोबांच्या डबीतले दहा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे) रुपये पार काळे पडलेत. चिंच लावून घासू का? (गिरगाव)

अजिबात नको! ती काळसर झाक संग्राहकाला हवीच असते. मी शाळेत असताना 1862 चा रुपया रांगोळीने घासून लख्ख केला होता. राणीच्या पोशाखावरची फुलं पुसट झाली ती झालीच. आजही तो दाखवला की समोरचा भिंगसुद्धा काढत नाही. पूजेचं कुंकू चिकटलं असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. माळेसाठी कडी डाकलेला रुपया असेल तर मात्र चांदीचाच भाव मिळेल, याची मनाची तयारी ठेवा.

माझ्या 1862 च्या रुपयाला सोनार फक्त चांदीचा भाव देतो. इतका जुना असून? (दादर)

सोनाराचं फार चुकलं नाही. 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही 1862 हेच साल राहिलं, त्यामुळे ते उदंड आहेत. मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजा, फरक तिथे दडलेला असतो. उलट 1939 चा रुपया वयाने कितीतरी लहान, पण दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकलाही फार. शेवटचा 9 भिंगाखाली नीट बघा.

1911 च्या रुपयाची गंमत निराळी. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा आला.

चोर बाजारात घेताना खरं-खोटं कसं ओळखावं? (मुंब्रा)

खिशात छोटा डिजिटल काटा ठेवा. पूर्ण रुपया 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजलेला थोडा कमी भरतो. मात्र 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, वजन तेवढंच, तेव्हा साल आधी वाचा. ओतीव नकलेवर बारीक खड्डे दिसतात, कडेला सांधा जाणवतो. चुंबकाच्या भरवशावर राहू नका, तांबं-शिसंही त्याला चिकटत नाही.

‘ईस्ट इंडिया कंपनी 1818, राम दरबार’ नाण्याला एक जण लाखो देतोय, आधी नोंदणी फी मागतो. (ठाणे)

फी भरू नका. ते चलनी नाणं नाहीच, नंतर पाडलेलं टोकन आहे. जुन्या नाण्यांच्या नावाने अशी फी उकळली जाते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये दिला होता.