तान्हं बाळ घेऊन जहाजावर जाताना

वाचकांचे प्रश्न. (उत्तरं देणाऱ्या ताईंनी नऊ वर्षं प्रवासी जहाजांवरच्या नर्सरीत काम केलं. आता त्या वसईत स्वतःचं पाळणाघर चालवतात.)

प्रश्न : ताई, आमची लेक एप्रिलमध्ये झाली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जायचं आमच्या मनात आहे. तेव्हा ती आठ महिन्यांची असेल. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा जिवाला समुद्रावर कशाला?" एजंट म्हणतो, "जहाजावर सगळी सोय असते, बिनधास्त या." आम्हा दोघांना संध्याकाळी दोन तास निवांत जेवायला मिळालं तरी पुष्कळ झालं. तिला तिथं कुणाकडे सोपवता येईल का? आणि अनोळखी माणसांकडे असं सोपवणं बरोबर आहे का, हा प्रश्न मनातून जात नाही. — चिंचवडहून एक आई

उत्तर : "सगळी सोय असते" हे वाक्य मी नर्सरीच्या काउंटरवर किती आयांच्या तोंडून ऐकलं असेल, त्याला गणती नाही. पहिल्या दुपारी बाळ कडेवर घेऊन यायच्या, "एजंटनं सांगितलं होतं" म्हणायच्या, आणि आमची यादी तोवर भरलेली असायची. एक बाई तर काउंटरला टेकून रडायलाच लागली होती. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. बाळ सांभाळण्याची सोय जहाजावर चढल्यावर शोधायची नसते. ती पाहून जहाज निवडायचं असतं.

एजंट ज्याला सोय म्हणतो तो बहुधा किड्स क्लब असतो. तो साधारण तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी, आणि बहुतेक ठिकाणी मूल शी-शू सांगणारं असावं लागतं. तीन वर्षांखालच्या बाळांची नर्सरी ही वेगळी गोष्ट. ती काही जहाजांवर असते, काहींवर नसतेच. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी नर्सरी आहे, पैसे तासावर. डिस्नेच्या जहाजांवर ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत घेतात, तिथंही तासावर पैसे. नॉर्वेजियनच्या जहाजांवर तीन वर्षांखालच्या मुलांना खेळायला जागा मिळते, पण आईबापांनी शेजारी बसायचं. बाळाला ठेवून जाता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत फरक असतो, तेव्हा कंपनीचं नाव पुरेसं नाही. एजंटला ईमेलवर लेखी विचारा : या जहाजावर, या तारखेला, आठ महिन्यांच्या बाळाला आईवडिलांशिवाय ठेवून घेणारी नर्सरी आहे का, तिचं बुकिंग कधी सुरू होतं, संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालू असते? उत्तर लेखी येईपर्यंत पैसे भरू नका. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे जहाज मुलांनी भरलेलं असणार. बुकिंग घरून करता येत असेल तर ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी करा. नसेल तर जहाजावर चढल्या-चढल्या जेवणाच्या आधी नर्सरी गाठा.

वयाचं म्हणाल तर तुमची लेक नियमात बसते. बहुतेक कंपन्या जहाज सुटायच्या दिवशी बाळ सहा महिन्यांचं असलं की घेतात. सलग कित्येक दिवस बंदर न लागणाऱ्या लांबच्या सफरींना बारा महिने पूर्ण लागतात. मधे किनारा नसेल तर आजारी बाळाला मोठ्या दवाखान्यात पोचवायचं कसं, हे त्यामागचं कारण. सासूबाईंना सांगा, सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणारी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. दोन्ही अंगांना जमीन असते, पाणी बहुतेक वेळा शांत असतं. बाळाचा स्वतंत्र पासपोर्ट लागेल, आणि जहाज परत सिंगापूरलाच येणार असल्यानं तिघांचाही सिंगापूरचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे बघून घ्या.

आता झोपेचं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपली बाळं नर्सरीत अडतात ती इथंच.

एकदा आमच्याकडे नागपूरकडच्या एका जोडप्याचं दहा महिन्यांचं बाळ आलं. खाऊन-पिऊन मजेत होतं, पण झोपायची वेळ झाली की आकांत. खाटेवर ठेवलं की पाठ ताणून किंचाळायचं. माझी सहकारी फिलिपिनो, हाताखालून शेकडो बाळं गेलेली. तिलाही काही कळेना. मी त्याला उचललं तर ते आपोआप एका लयीत हलायला लागलं. मग लक्षात आलं, हे झोळीतलं बाळ. साडीची झोळी, आजीच्या हातात दोरी, त्या झोक्याशिवाय त्याला झोप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. जहाजावरच्या नर्सरीत झोळी बांधता येत नाही. सपाट, कडक गादीची खाट असते आणि बाळाला पाठीवरच निजवतात. म्हणून निघायच्या तीन आठवडे आधीपासून दुपारची एक झोप तरी सपाट गादीवर, झोका न देता, नुसतं थोपटून घेण्याची सवय लावा. मोहरीची उशी घरीच ठेवा. आम्ही ती पहिल्यांदा बाजूला काढायचो, कारण झोपेत बाळाच्या नाकातोंडाशी मऊ काही नको, हा नर्सरीचा कडक नियम. तो बरोबरच आहे. मीही आता माझ्या पाळणाघरात तो पाळते.

मनगट्या, काळे मणी, कमरेचा करदोटा हेही आधी काढून ठेवा. दोरा तुटून मणी तोंडात गेला तर काय, म्हणून ते काढायला सांगतातच. आणि तीट लावणार असाल तर कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. माझ्या एका सहकारिणीनं एका बाळाच्या गालावरची तीट शाई लागली समजून ओल्या कापसानं अगदी मायेनं पुसून काढली होती. संध्याकाळी आजी आल्या, त्यांचा चेहरा उतरला. मी दोघींना एकमेकींचं म्हणणं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच सहकारिणीनं विचारलं, "आज काळा ठिपका कुठंय?"

तुम्ही विचारलंत, अनोळखी माणसांकडे सोपवणं बरोबर आहे का. अनोळखीपण कमी करणं तुमच्या हातात आहे. एका कागदावर इंग्रजीत दहा ओळी लिहून द्या. दूध किती वाजता, कुठलं, किती. झोप आली की ती काय करते : कान ओढते की डोळे चोळते. कशानं शांत होते. घरातले शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, म्हणजे 'मम्मं' म्हणजे जेवण, 'गाई गाई' म्हणजे झोप. मला मराठी येत होतं म्हणून मी हे समजून घ्यायचे, दुसऱ्या कुणाला कसं कळणार? आणि तुमचा एक न धुतलेला सुती दुपट्टा पिशवीत ठेवा. त्याला तुमचा वास असतो. रडणाऱ्या बाळाला घेताना आम्ही तो आमच्या खांद्यावर टाकायचो. त्याच्याइतकं लागू पडणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

पहिल्यांदा ठेवाल ते अर्ध्या तासासाठी, पहिल्याच दिवशी, आणि तुम्ही जहाजावरच असताना. लपून निघून जाऊ नका. "आई येते हं" म्हणून जा आणि सांगितलेल्या वेळेला या. बाळ शांतच होत नसेल तर नर्सरीवाले तुम्हाला बोलावून घेतात. तसं बोलावणं आलं तर ते अपयश समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. आठव्या-नवव्या महिन्यात बाळं अनोळखी चेहऱ्याला बिचकतातच, ते वयच तसं. तरीही मी पाहिलेली बहुतेक बाळं तिसऱ्या वेळी दारात हात पुढे करत होती. तुम्ही दोघांनी दोन तास गरम जेवण एकत्र बसून जेवावं, यात काहीही चुकीचं नाही. मनापासून सांगते.

केबिनमधल्या अडचणी भराभर सांगते. बाळाची घडीची खाट बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. आपण बाळाला पाय लांब करून पायांवर न्हाऊ घालतो, तेवढी जागा शॉवरच्या चौकोनात नसते. हवा भरायचा छोटा टब न्या. किटली, बाटल्या उकळायचं यंत्र, इंडक्शन यांतलं काहीही नेऊ नका. आगीच्या भीतीनं तपासणीत काढून घेतात. स्टीलचा चांगला थर्मास न्या आणि उकळतं पाणी केबिनच्या स्टुअर्डकडून मागून घ्या. केबिनमध्ये शिजवता येत नाही, म्हणजे नाचणीचं सत्त्व करता येणार नाही. घरी दळलेल्या पिठांच्या पुड्याही बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत. दुकानातलं बंद पाकीट चालतं. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय जेवण हमखास असतं. मऊ भात नि साधं वरण मागा, कालवून द्या, झालं खिमट. काढून ठेवलेलं दूध केबिनच्या फ्रिजवर सोडू नका. तो नुसता गारवा धरतो, नीट थंड करत नाही. आणि डायपर घालणाऱ्या बाळाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, पोहायचा डायपर असला तरी. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळे कारंजे असतात, तिथं खेळवा.

प्रश्न : आम्ही मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजानं निघतोय. मुलगा दीड वर्षाचा. आमच्या घरात सगळ्यांनाच प्रवासात मळमळतं. त्याला अव्होमिनची पाव गोळी दिली तर चालेल का? — ठाण्याहून एक बाबा

उत्तर : नाही. पावही नाही, चिमूटभरही नाही. त्या गोळीतलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नसतं. त्यानं श्वास मंदावू शकतो. "मुलं शांत झोपतात" म्हणून कुणी देत असेल तर त्यालाही थांबवा.

आणि बहुधा गरजही पडणार नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट फारशी लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास जास्त होतो. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, त्या भांडणातून मळमळ येते. तुम्हा मोठ्यांना त्रास होणार असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमधची केबिन घ्या. तिथं हेलकावा सर्वांत कमी. गोळी तुम्ही घेतलीत तर झोप येईल, म्हणून दोघांनी एकदम घेऊ नका, एकानं जागं राहायला हवं. बाळाची आई अजून अंगावर पाजत असेल तर तिनं डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ नसतो. थर्मामीटर, ओआरएस आणि तुमच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध सोबत असू द्या. हात मात्र साबण-पाण्यानंच धुवा. जहाजावर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला दाद देत नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे, नाशिकला असते. मुलगा-सून न्यू जर्सीला आहेत. मी तिकडे गेले की सगळ्यांनी मिळून बर्म्युडाच्या क्रूझवर जायचं त्यांनी ठरवलंय. नात तेव्हा चौदा महिन्यांची असेल. सून म्हणाली, "आई आहेत ना, मग बाळाची काळजी नाही." मला नात जीव की प्राण आहे, पण मी समुद्रावर पहिल्यांदाच चाललेय. माझे सगळे दिवस केबिनमध्येच जाणार का, हे त्यांना विचारायला संकोच वाटतो. — एक आजी

उत्तर : काकू, संकोच सोडा आणि तिकिटं काढायच्या आधी विचारा. मी नर्सरीत असताना रात्री साडेनऊला केबिनच्या पॅसेजमधून जायचे, तेव्हा अर्ध्या उघड्या दारांमागे कितीतरी आज्या दिसायच्या. बाळ मांडीवर, दिवा मंद, आणि वर डेकवर गाणी चाललेली. त्या तक्रार करत नसत. पण मी एकीला विचारलं, "आजी, समुद्र बघितलात का?" तर म्हणाल्या, "खिडकी नाहीये गं या खोलीला."

तेव्हा मुलाला तीन गोष्टी सांगा. एक, तुमच्या केबिनला बाल्कनी हवी. बाळ झोपल्यावर तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसाल, दार तुमच्या नजरेत राहील. बाळ जागं असताना मात्र बाल्कनीचं दार कायम कडी लावून. दोन, न्यू जर्सीत बेयॉनच्या बंदरातून बर्म्युडाला जाणाऱ्या जहाजांपैकी नर्सरी असलेलं निवडावं. म्हणजे सांभाळणं तुमच्यात, त्यांच्यात आणि नर्सरीत वाटलं जाईल. तीन, दोन संध्याकाळी पूर्ण तुमच्या, आणि त्या कोणत्या हे आधीच ठरलेलं असावं. "बघू तिथं गेल्यावर" असं ठेवलंत तर त्या येणार नाहीत.

बर्म्युडापर्यंत मधे जमीन नाही, खुला अटलांटिक आहे. जहाज थोडं डोलेल, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन जिना चढू नका, लिफ्ट वापरा. केबिनमध्ये शिरलात की स्टुअर्डकडे बाळाचं लाइफ जॅकेट मागून घ्या. १५ किलोखालच्या मुलांसाठी वेगळं असतं, आणि एका दिवसाहून मोठ्या सफरीला प्रत्येक बाळामागे एक ठेवणं जहाजावर बंधनकारक आहे. ते एकदा नातीला घालून बघा, बंद कसे लावायचे ते हाताला कळू द्या.

आणि नर्सरीत नाव नोंदवतील तेव्हा तुम्हीही सोबत जा. बाळाला न्यायला कोण येऊ शकतं, याची नावं तिथं लिहून घेतात. मुलगा-सून स्वतःची नावं लिहितील आणि तुमचं राहून जाईल. मग तुम्ही सख्ख्या आजी असलात, नात तुमच्याकडे झेपावत असली, तरी ते तिला तुमच्या हातात देणार नाहीत. आम्हीही दिलं नसतं.