मेलेली ब्लू बॉटल डंख करते का?

तुम्ही विचारलंय की पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे पडलेले असतात, तुमचा मुलगा ते काडीने फोडत होता. ते जेलीफिश आहेत का, आणि मेलेले असले तर हात लावायला काय हरकत आहे.

हे निळे फुगे म्हणजेच ब्लू बॉटल. हरकत आहे, आणि मोठी आहे. मेलेल्याला नको, सुकून कागदासारखा झालेल्यालाही नको. आणि ती काडी टाकून द्या, घरी आणू देऊ नका.

दहावीच्या विज्ञानात आपण 'शुंडकांवर (शिकार पकडायच्या लांब दोऱ्यांवर) दंशपेशी असतात' एवढं पाठ करून पुढे जातो. खरी गंमत त्या पेशीत आहे. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी. मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही कुप्या मिटलेल्या होत्या, आत दोऱ्याचं वेटोळं स्पष्ट दिसत होतं. काहींची नळी बाहेर पडलेली, हातमोजा उलटा करावा तशी. कुपीतला दाब वातावरणाच्या सुमारे 150 पट असतो. ब्लू बॉटलच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाईकावर, हायड्रावर, 2006 साली अतिवेगवान कॅमेरा लावून मोजलं, तर नळीचं टोकदार तोंड बाहेर झेपावायला अवघे 700 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागला. प्राण्यांच्या जगात इतकी वेगवान हालचाल क्वचितच सापडते.

हे सुटायला प्राण्याच्या 'इच्छे'ची गरज नसते. जिवंतपणी चेतापेशी थोडंफार नियंत्रण ठेवतात, पण खटका पेशीवरच असतो. त्वचेचा स्पर्श झाला, त्वचेवरची रसायनं लागली, की ती सुटते. प्राणी मेला तरी न सुटलेल्या कुप्या भरलेल्याच राहतात. मला स्वतःला डंख बसला तो किनाऱ्यावर नाहीच. घरी येऊन चप्पल धुताना पट्ट्यात अडकलेला निळा दोरा, म्हणजे शुंडकाचा तुकडा, बोटाने काढायला गेले, आणि बोटभर तापलेली तार टेकवल्यासारखं झालं. तासाभराने कळ कमी झाली, मण्यांच्या सरीसारखा वळ मात्र दोन दिवस राहिला. दंशपेशींचे गठ्ठे त्या दोऱ्यावर मण्यांसारखेच ओळीने असतात.

आता ते जेलीफिश आहेत का? नातेवाईक आहेत, पण खरे जेलीफिश नव्हेत. ब्लू बॉटल म्हणजे एक वसाहत आहे. एकाच अंड्यातून सुरू होते, पण पुढे अंकुर फुटत जाऊन त्यातला एक गट शिकार करतो, दुसरा पचवतो, तिसरा प्रजननाचं बघतो. एकटा कुणीच जगू शकत नाही. वरच्या फुग्यातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि तो हा प्राणी स्वतःच तयार करतो. समुद्रफुलं आणि प्रवाळ याच कुळातले. अंगठीतलं पोवळंसुद्धा अशाच दंशपेशीवाल्या जीवांचा सांगाडा आहे.

डंख बसलाच तर चोळू नका, वाळू लावू नका, नळाचं पाणी ओतू नका. लघवीचा उपाय तर साफ चुकीचा. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिमट्याने किंवा हातमोजा घालून दोरे काढा, मग सोसेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून बघावं, मुलांची कातडी पटकन भाजते. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत, म्हणून मी ते सुचवत नाही.

श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, भोवळ आली तर घरगुती उपाय सोडून थेट रुग्णालय गाठा. पूर्वी एकदा डंख बसलेल्यांनी जास्तच जपावं. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ 1901 मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर याच ब्लू बॉटलच्या जातभाईचं विष तपासत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेतलं. पहिल्या मात्रेतून वाचलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडी मात्रा दिली, तर ते काही मिनिटांत मेलं. यातूनच ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या तीव्र ॲलर्जीचा, शोध लागला आणि रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं.

मुलाचं कुतूहल मात्र मारू नका. बूट घालून जा, हात पाठीमागे ठेवून त्याला वाकून बघू दे. फुग्यावर एक तुरा असतो, तेच त्याचं शीड. पावसाळी वारा त्यातच भरतो आणि ब्लू बॉटल आपल्या किनाऱ्याला लागतात. कुणाचं शीड डावीकडे कललेलं असतं, कुणाचं उजवीकडे, आणि त्यानुसार एकाच वाऱ्यात ते वेगवेगळ्या दिशांना वाहत जातात. पुढच्या भरतीनंतर किती डावे आणि किती उजवे दिसतात ते त्याला मोजायला सांगा.