एचआरची कर्मचाऱ्यांची एक्सेल दर महिन्याला अ‍ॅसेट सिस्टीममध्ये (कोणता लॅपटॉप, कोणतं सामान कुणाकडे याची नोंद) हाताने भरावी लागते, ऑटोमॅटिक कसं करायचं?

हाताने कामून भरायलात भाऊ? एचआरच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादीची फाइल) आपोआप निघते का ते आधी विचारा, निघत असेल तर ती सर्व्हरवरच्या एका फोल्डरात पडू द्या अन् क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय) लावून तिथून इम्पोर्ट चालवा. तुमची सिस्टीम स्नाइप-आयटी असेल आणि ऑफिसात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांच्या लॉगिनची मध्यवर्ती यादी) असेल तर सीएसव्हीचीबी गरज नाही, एलडॅप सिंक (त्या यादीतून माणसं थेट ओढायची सोय) आहेच त्यात.

खरी गोची माणूस ओळखण्यात आहे. नावावर मॅच करू नका, एम्प्लॉयी कोडच धरा, आणि मधे कुणी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की ००४१७ चं ४१७ होतं, सिस्टीमला वाटतं नवा माणूस आला. आमच्या वाळूजच्या प्लांटात एका सकाळी निम्मी माणसं डबल, अन् लॅपटॉप सगळे जुन्या नावावर, दोन दिवस नुसतं निस्तरत बसलो. नावं मराठीत असतील तर फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट जपणारं एन्कोडिंग) मध्येच ठेवा, नाहीतर नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात.

नोकरी सोडलेल्याला डिलीट मारू नका, इनअ‍ॅक्टिव्ह करा, त्याच्याकडचा लॅपटॉप अजून यायचा असतो. आणि एखाद्या रात्री फाइल रिकामी आली तर इम्पोर्ट थांबून मेल यावा एवढी अट स्क्रिप्टमध्ये टाकाच.