आधी गोगलगाय, मग हिप्पोकॅम्पस
मेंदूत आठवण कशी साठते हे समजून घ्यायला तू थेट एलटीपीपासून (चेतापेशींमधली जोडणी दीर्घकाळ बळकट होणं) सुरुवात केलीस, म्हणून अडकलायस. आधी समुद्री गोगलगाय घे, अ‍ॅप्लिशिया. तिच्यात चेतापेशी जेमतेम 20,000, काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. एरिक कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं ते हिच्यावरच्या कामासाठी. शेपटीला झटका दिला की सेरोटोनिन हे रसायन सुटतं, संवेदी पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, आणि पुढच्या स्पर्शाला ती पेशी जास्त ग्लुटामेट (पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन) सोडते. कल्ले झटकन आत! एका झटक्याचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. तेच झटके मध्ये वेळ सोडून पुन्हा पुन्हा दिले, तर निरोप केंद्रकातल्या क्रेब या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनापर्यंत जातो, नवी प्रथिनं बनतात, नव्या जोडण्या फुटतात. हा फरक कागदावर काढ. खरंच काढ, नुसतं वाचून तो डोक्यात बसत नाही.

मग ब्लिस आणि लोमो यांचं 1973चं सशांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग) एलटीपीवरचं काम वाच. एनएमडीए रिसेप्टरपाशी, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या ग्लुटामेट पकडणाऱ्या दारापाशी, मात्र थांब. त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट आलं, पण पेशी आधीच उत्तेजित नसेल, तर बूच निघत नाही आणि कॅल्शियम आत शिरत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे एक रेणू ओळखतो! मला हे उमगलं त्या रात्री झोप लागली नव्हती.